सड्यावरच्या रेघा : पाहणे आणि नोंदणे

दहा-बारा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात राजापूर तालुक्यातील एका सड्यावर खडूचा तुकडा हाती घेऊन मी गुडघ्यांवर बसलो होतो. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. गावाचा त्यात काही दोष नाही. जो आहे तो सर्वस्वी माझा आहे. कातळावर एका मोठ्या प्राण्याची आकृती कोरलेली होती. ऊन माथ्यावर आले होते आणि रेघा डोळ्यांना दिसेनाशा झाल्या होत्या. बरोबरच्या मंडळींना छायाचित्र हवे होते. मी बोटांनी रेघ चाचपीत तिच्यात खडू भरत गेलो आणि तोंडापाशी आल्यावर पुढे गेलेली एक वळणदार चीर सुळा समजून तीही पांढरी केली. हत्ती झाला. छायाचित्र उत्तम आले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात तोच कातळ पुन्हा पाहिला तेव्हा ध्यानात आले की तो सुळा नव्हेच. ती जांभ्याला पडलेली भेग होती आणि प्राण्याचे अंग सोडून चार हात पलीकडे जाऊन ती संपत होती. परंतु छायाचित्र तोवर हातोहात पुढे गेले होते. अजूनही कोणीतरी ते मला दाखवितो आणि सुळ्याच्या डौलाची तारीफ करतो.

हा प्रसंग आरंभीच सांगण्याचे कारण असे की पुढे जी टीका करावयाची आहे तिचा पहिला आरोपी मीच आहे. कोकणातील कातळावरच्या प्राचीन चित्रांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते, बोलले जाते, छायाचित्रे तर अगणित निघतात. त्या सर्वांत एका साध्या गोष्टीची हयगय होते, असे माझे मत आहे. डोळ्यांनी काय दिसले आणि मनाने काय मानले, या दोहोंमधली रेघ आपण पुसून टाकतो. कातळावरची रेघ पुसली जाण्याला हजारो वर्षे लागतात. ही दुसरी रेघ एका खडूने पुसली जाते.

सप्तापुरात राहणाऱ्या वाचकाला सडा म्हणजे काय हे थोडे सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे माळ आहे, तांबडी माती आहे. पण कोकणातील सडा हा प्रकार निराळा. डोंगर चढून वर जावे तो शिखर नसतेच. एकदम सपाट, उघडा, काळपट जांभ्याचा कातळ कोसभर पसरलेला दिसतो. झाड नाही, सावली नाही. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुले येतात, डबकी साचतात. दिवाळीनंतर गवत वाळते आणि कातळ पुन्हा उघडा पडतो. महसुलाच्या भाषेत हा बहुधा पोटखराबा. पीक नाही म्हणून किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून लक्ष नाही, असा या भूमीचा आजवरचा इतिहास आहे.

या दुर्लक्षित भूमीवर कोणी एके काळी माणसांनी हत्ती, हरणे, वाघासारखे प्राणी, मासे, पक्षी, माणसांच्या आकृती आणि ज्यांना आपल्याजवळ नाव नाही असे भूमितीचे आकार कोरले. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्या मंडळींनी गेल्या दीड दशकात गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून अशा हजारांहून अधिक आकृती उजेडात आणल्या. राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे; त्याच्या देहाच्या आत अनेक लहान प्राणी आणि जलचर कोरले आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या चित्रांची नऊ स्थळे दाखल झाली : रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळी, रुंढ्येतळी, देवीहसोळ, बारसू, जांभरुण, उक्षी आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील पणसायमळ. या शोधकांचे ऋण मानूनच पुढील शब्द लिहीत आहे.

पहिली तक्रार नावाची. या चित्रांना आज सर्वत्र 'कातळशिल्पे' म्हणतात. शिल्प म्हटले की उठाव आला, घनता आली, छाया-प्रकाश आला. वेरूळच्या कैलासाला शिल्प म्हणावे, बदामीच्या तिसऱ्या लेण्यातील विष्णूला म्हणावे. सड्यावर जे आहे ते शिल्प नव्हे. ती रेघ आहे. क्वचित आकृतीचा अंतर्भाग थोडा खोल करून बाह्यरेखा उठावदार केलेली आढळते. पण एकंदरीत हे रेखांकन आहे, आणि तेही उभ्या भिंतीवरचे नव्हे, पायाखालच्या जमिनीवरचे. म्हणून 'खोदचित्र' हा शब्द मला अधिक यथार्थ वाटतो.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. शिल्प म्हटले की आपण समोर उभे राहून पाहू लागतो. कशेळीच्या हत्तीसमोर उभे राहता येत नाही. त्याच्यावर किंवा त्याच्या कडेने चालावे लागते. पाठीची रेघ धरून चालत गेलो की सोंडेशी येईपर्यंत शेपटी दृष्टिआड झालेली असते. ज्याने हा हत्ती कोरला त्यानेही तो एका दृष्टिक्षेपात संपूर्ण कधी पाहिला नसावा, असे मला वाटते. त्याच्या मनात तो पूर्ण होता. डोळ्यांपुढे मात्र तो तुकड्यातुकड्यांनीच होता. आज ड्रोन वर चढवून आपण तो एका चौकटीत बसवितो आणि 'आता खरा दिसला' असे म्हणतो. वास्तविक आपण तेव्हा असे काही पाहत असतो जे त्या माणसाने पाहिले नाही. हे चित्र उपयुक्त आहे, मोजमापाला तर अत्यावश्यक आहे. पण ते मूळ अनुभवाची प्रत नव्हे. पाहणारा वरच्या चित्रावर संतुष्ट होऊन खालचे चालणे विसरला तर रसग्रहणाचा निम्मा भाग गेला. हत्तीच्या पोटातले मासे चालणाऱ्यालाच भेटतात, आणि ते एकेक भेटतात.

दुसरी तक्रार अर्थ लावण्याच्या घाईची. बारसूच्या सड्यावर एक मनुष्याकृती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी आहेत. हे पाहताच मोहेंजोदडोच्या त्या प्रसिद्ध मुद्रेची आठवण येणे स्वाभाविक आहे, जीवर एक पुरुष दोन वाघांना दोन हातांनी आवरतो. आठवण येणे हा गुन्हा नाही. पण आठवण आली म्हणजे संबंध सिद्ध झाला, असे पुढच्याच वाक्यात लिहिले जाते तेव्हा वकिलाचा जीव कासावीस होतो. तीच गोष्ट काही ठिकाणी आढळणाऱ्या केवळ कमरेखालच्या मनुष्याकृतींची. पाय फाकलेले दिसले की 'लज्जागौरी' हा शब्द तयारच असतो. आम्हां धारवाडकरांना लज्जागौरी परकी नाही. बदामीच्या संग्रहालयातील नागनाथकोळ्ळची मूर्ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांचा १९७८ चा ग्रंथ अनेकांच्या कपाटात असेल. परंतु ती मूर्ती चालुक्यकाळातली. सड्यावरचे पाय तिच्याहून कित्येक सहस्रके आधीचे असतील, तर मुलीचे नाव आजीला देण्यासारखे हे झाले.

काळाविषयीही हेच. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या पुरातत्त्व विभागाचे संचालक तेजस गर्गे यांनी इ. स. पूर्व १०,००० च्या सुमाराचा प्राथमिक अंदाज सांगितला. त्यामागील एक युक्तिवाद असा की चित्रांत शिकारीचे प्राणी आहेत, शेतीची खूण नाही. युक्तिवाद विचारार्ह आहे, आणि तो 'प्राथमिक' म्हणूनच मांडला गेला. पुढे मात्र वृत्तपत्रांत आणि भाषणांत 'प्राथमिक' हा शब्द गळून पडला व आकडा तेवढा उरला. एखादी वस्तू चित्रात नाही म्हणून ती जगात नव्हती, हा मौनावरून काढलेला निष्कर्ष होय. साक्षीदार एका गोष्टीबद्दल बोलला नाही, म्हणून ती घडली नाही असे कोणतेही न्यायालय मानत नाही. कातळावर खोदलेल्या रेघेचे वय थेट काढणे अवघड असते. तेथे जळलेले लाकूड नाही, हाड नाही, रंग नाही. जवळपास सापडणारी दगडी हत्यारे, गुहांतील उत्खनन, रेघेच्या कडेची झीज यांचा पुरावा हळूहळू जमतो. अशा वेळी रेघेच्या कडा हाच एक साक्षीदार, आणि त्याच कडांत आपण खडू भरतो, काठीने माती उकरतो, तारेच्या ब्रशाने शेवाळ घासतो. साक्षीदाराला साक्षीपूर्वीच पढविण्याचा हा प्रकार आहे.

इथे आमच्या पेशातील एक जुने तत्त्व उपयोगी पडेल. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला, तरी त्यातील गाभा बदललेला नाही. पाहिलेल्या गोष्टीविषयी पाहणाऱ्यानेच सांगावे. ऐकीव गोष्ट पुरावा नव्हे. आणि मूळ दस्तऐवज असताना नकलेवर भिस्त ठेवू नये. सड्यावरची नोंद म्हणजे एक पंचनामाच. पंचनाम्यात 'खुनी पळून गेला असावा' असे लिहीत नाहीत. 'मागचे दार उघडे होते, कडी आतून काढलेली होती' एवढेच लिहितात. खुनी कोण हे ठरविण्याची जागा पुढे आहे. खोदचित्राच्या नोंदीतही 'गेंडा' असे लिहिण्याआधी लिहावे की चार पायांचा प्राणी, तोंड पूर्वेस, नाकाच्या जागी वर वळलेली एक रेघ, लांबी इतकी, रेघेची रुंदी इतकी, खोली इतकी. मग निराळ्या रकान्यात, आपल्या सहीनिशी, 'मला गेंडा वाटतो' असे खुशाल म्हणावे. उद्या दुसऱ्याला तो रानडुक्कर वाटला तर त्याला मूळ वर्णनाकडे परत जाता आले पाहिजे. माझ्या खडूच्या हत्तीतून परत जाण्याची वाट नव्हती.

मग चांगली नोंद कशी असावी? कातळाला न शिवता करावयाच्या पद्धती आता सर्वांच्या आवाक्यात आहेत. सूर्य उगवताना किंवा मावळताना, रेघेत सावली भरते तेव्हा, मोजपट्टी आणि उत्तरेची खूण ठेवून छायाचित्र घ्यावे. एकमेकांवर अंशतः चढणारी शेकडो छायाचित्रे संगणकात जुळवून कातळाचे उंचसखल रूप उभे करता येते. त्यावर कृत्रिम प्रकाश हव्या त्या बाजूने टाकून पाहता येतो, आणि भेग कोणती व खोदलेली रेघ कोणती हे पुष्कळदा तेथेच उमगते. मीटर-मीटरच्या चौकटी पाडून हाताने रेखाटनही करावे, कारण हात रेखाटू लागला की डोळा खोटे बोलण्यास कचरतो. या रेखाटनात खात्रीची रेघ अखंड काढावी, संशयाची तुटक काढावी आणि भेगा वेगळ्या दाखवाव्यात. कातळाचा कोणता भाग कोरा आहे, कोणता फुटला आहे, कोणता मातीखाली आहे, हेही लिहावे. कोऱ्या जागेची नोंद ही नोंद नव्हे असे आपल्याला वाटते. पण आज कोऱ्या म्हणून नोंदलेल्या जागी उद्या आकृती दिसली, तर ती कोणी नव्याने कोरली की आधीच्याच्या नजरेतून सुटली, एवढा प्रश्न तरी विचारता येतो.

हे काम पंडितांनीच करावे असे नाही. इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थम्बरलंडच्या उघड्या माळरानांवर खडकांत कोरलेल्या वाट्या आणि त्यांभोवतीची वर्तुळे आहेत. जॉर्ज टेट याने त्यांवर १८६५ मध्ये पुस्तक लिहिले. पण त्यांची गावोगावची पद्धतशीर नोंद कित्येक दशके केली ती स्टॅन बेकनसॉल या शिक्षकाने, आणि पुढे २००४ ते २००८ या काळात तेथील स्वयंसेवकांनी. त्या वाट्यांचा आणि आपला संबंधही जुना आहे. रिव्हेट-कार्नाक नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने नागपूरजवळील जुनापाणीच्या शिलावर्तुळांवरील आणि कुमाऊँमधील वाट्यांकडे लक्ष वेधून, त्या ब्रिटनमधील खुणांशेजारी ठेवून १८७० नंतरच्या दशकात निबंध लिहिले. साम्य पाहून तो हरखून गेला होता. साम्यावरून नात्याकडे धावण्याची ओढ तेव्हाही होतीच. पण त्याने खुणांचे वर्णन करून ठेवले म्हणून आज त्याचे मत सोडूनही त्याची नोंद वापरता येते. नोंद आणि मत वेगळे ठेवण्याचा हा लाभ.

नोंद अपुरी राहिली तर काय होते याचा दाखला आपल्या घराजवळचाच आहे. बळ्ळारीनजीक कुपगलच्या डोंगरावर काळ्या खडकांत नवाश्मयुगीन माणसांनी बैल आणि माणसे कोरली आहेत. काही खडक दगडाने वाजविले की घंटेसारखे निनादतात. या स्थळाविषयी १८९२ मध्ये 'एशियाटिक क्वार्टर्ली रिव्ह्यू'त लिहून आले. पण पुढच्या काही शोधकांना जागा नेमकी सापडली नाही. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रे अस्पष्ट, आणि त्यांच्या मूळ प्रतीही राहिल्या नाहीत. केंब्रिजच्या निकोल बॉइविन या विदुषीने आपल्या कर्नाटक विद्यापीठाच्या सहकार्याने त्या भागात काम करताना ही चित्रे पुन्हा पाहिली आणि २००४ मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात त्यांवर लिहिले, तेव्हा डोंगराला दगडखाणी लागल्या होत्या. छापून आले म्हणजे नोंद झाली, हा भ्रम आहे. ज्या नोंदीचा पत्ता धरून परक्या माणसाला त्या दगडापर्यंत जाता येत नाही ती नोंद नव्हे, बातमी होय.

याच्या उलट गोष्ट गोव्याची. सांगे तालुक्यात रिवणजवळ, कुशावती नदीच्या काठच्या जांभ्यावर बैल, हरणे, मनुष्याकृती आणि वर्तुळात वर्तुळ गुंफलेले एक चक्रव्यूहासारखे चित्र आहे. १९९३ मध्ये डॉ. प्र. पां. शिरोडकर यांनी ते विद्वानांच्या जगापुढे आणले. पण त्यांना तेथवर नेणारी माहिती गावच्या माणसांकडची होती. म्हणून 'शोध लागला' हा शब्दप्रयोग मी जपून वापरतो. नोंद झाली असे म्हणावे. गावाला चित्र ठाऊक होते, सरकारला ते नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. आणि गावाला ठाऊक असते ते कोणत्या शब्दांत? कोंकणीत, मालवणीत, राजापूरकडच्या बोलीत. अमक्या खडपाजवळ, तमक्या पाणवठ्याच्या वर, गुरे बसतात त्या कातळावर, असे. ही स्थलनामे गुराख्यांबरोबर चालली आहेत. ज्या नोंदवहीत अक्षांश-रेखांश आहेत पण त्या कातळाचे गावठी नाव नाही, ती माझ्या मते अर्धीच भरलेली आहे. या नियतकालिकाच्या दोन्ही भाषांच्या वाचकांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

आता शेवटचा आणि सर्वांत व्यवहाराचा मुद्दा : कायद्याचा. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात 'प्राचीन स्मारक' या संज्ञेत शैलशिल्पाचा उल्लेख स्पष्ट आहे. किमान शंभर वर्षे जुने असावे एवढीच वयाची अट. स्मारकालगतची कुंपणापुरती जमीन आणि तेथे जाण्याची वाटही त्या व्याख्येत येते. महाराष्ट्राचा १९६० चा, म्हैसूरचा १९६१ चा आणि गोव्याचा १९७८ चा असे राज्यांचे स्वतंत्र कायदेही आहेत. गंमत अशी की रसिक म्हणून 'शिल्प' या शब्दाशी मी भांडलो, पण वकील म्हणून तोच शब्द मला हवासा वाटतो; कारण कायद्याला तो ओळखीचा आहे. मात्र कायदा आपोआप धावून येत नाही. संरक्षणासाठी अधिसूचना लागते. केंद्रीय कायद्यात तिच्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस लागते. आणि त्या सर्वांसाठी जागेचे निश्चित वर्णन लागते. युनेस्कोची संभाव्य यादी म्हणजे संरक्षण नव्हे. ती उमेदवारी आहे.

इकडे जांभ्याला बाजारात भाव आहे. ताजा कापताना मऊ आणि उघड्यावर आल्यावर कठीण होणारा हा दगड, म्हणून त्याचे चिरे होतात आणि कोकणातील घरे त्या चिऱ्यांची. ज्या दगडाने चित्र सांभाळले त्याच दगडासाठी खाण लागते. रस्ता हवा, आंब्याची बाग हवी, कारखाना हवा. या गरजा खोट्या नाहीत, आणि सड्याचे मालक बहुधा खाजगी शेतकरी आहेत, त्यांचा हक्कही खोटा नाही. एप्रिल २०२३ मध्ये बारसूला तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती-परीक्षण सुरू झाले आणि मोठे आंदोलन झाले. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण एक गोष्ट कोणत्याही पक्षाच्या माणसाने मान्य करावी : बारसूच्या चित्रांचे नाव त्या वादात घेतले गेले, कारण ती आधी कोणीतरी मोजली होती, नोंदली होती, यादीत घातली होती. ज्या सड्यावर कोणी गेलेच नाही तेथील चित्राला ना वादी आहे, ना वकील.

म्हणून एक सूचना मांडतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. विहिरीचा हिस्सा, वाटेचा हक्क, कर्जाचा बोजा त्यात चढतो. कातळावर खोदचित्र आहे एवढी एक ओळ त्यात चढविण्याची सोय शासनाने करावी. जमीन विकली गेली, वारस बदलले, खाणीचा अर्ज आला, तरी ती ओळ प्रत्येक कारकुनाच्या डोळ्यांपुढून जाईल. मालकाचे त्यात नुकसान होऊ नये म्हणून तेवढ्या तुकड्याचा मोबदला किंवा भाडे ठरवावे. जागा उघड झाल्याने हौशी गर्दी येईल, खडू येतील, नावे कोरली जातील, हा आक्षेप मला मान्य आहे; नेमका नकाशा ग्रामपंचायतीत आणि पुरातत्त्व कार्यालयात ठेवावा, लोकांसाठी गावापुरते वर्णन पुरे. पण आक्षेपाच्या भीतीने नोंदच न करणे म्हणजे चोर येतील म्हणून घराचा दस्तच न करण्यासारखे आहे.

माझ्या त्या खोट्या सुळ्याचे प्रायश्चित्त म्हणून मी पुन्हा त्या सड्यावर जाऊन आकृती मोजून आलो. खडू पावसाने धुऊन गेला होता. नव्या रेखाटनात भेग भेग म्हणूनच काढली, आणि प्राण्याच्या नावाचा रकाना रिकामा ठेवला. ज्यांनी जुने छायाचित्र पाहिले आहे त्यांना हे नवे रेखाटन थोडे निराशाजनक वाटते, हे मी जाणतो. त्यात हत्ती नाही. जे कातळावर आहे तेवढेच आहे.